शेपटाचं पाणी

पिंपळबोडीचा उदाराम पाणकर नव्याचा वैरी होता. गोंदियाहून कुणी चहाची पुडी आणली की तो नाक मुरडायचा, छत्री घेऊन शेतात जाणाऱ्याला 'पाहुणा' म्हणून चिडवायचा आणि आगकाडीपेक्षा राखेत जपलेला निखारा बरा, असं बायकोला रोज ऐकवायचा. सुमित्राबाई त्याच्या डोळ्यांदेखत आगकाडी ओढून चूल पेटवायची आणि म्हणायची, "तुमचा निखारा तुमी राखा जी, मले सैपाक कराचा हाय." घरात त्याचं चालायचं ते एवढंच. गावात मात्र त्याच्या शब्दापुढे कुणी जात नसे, कारण गावाचं पाणी त्याच्या हातात होतं.

हे गाव नवेगाव बांधाच्या अलीकडे, जंगलाला पाठ लावून बसलेलं. गावाच्या डोक्यावर तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, उतरत उतरत पार जंगलाच्या कडेपर्यंत गेलेल्या. तलावाचे मालगुजार नागपूरला राहायचे आणि सारा पोचला की गावाला विसरून जायचे. पाणी वाटायचं काम पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधण्यात नावाजलेल्या कोहळी जातीच्या एकाच घरात होतं. ज्याच्याकडे ते काम तो पाणकर, आणि या घडीला पाणकर म्हणजे उदाराम.

वाटणीची रीत मात्र जगावेगळी होती. पाणी आधी शेपटाला, म्हणजे जंगलाला लागून असलेल्या शेवटच्या बांध्यांना. मग मधल्यांना. आणि तलावाला चिकटलेल्या मुंडक्याच्या बांध्यांना सगळ्यांत शेवटी. पाणकराची स्वतःची बांधी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, अगदी खाली, पहिलीच. त्यामुळे तलावाशेजारी राहून सगळ्यांत उशिरा पाणी प्यायचं, हे त्याच्या नशिबी लिहिलेलं. बाहेरचा माणूस हे ऐकून हसायचा. गावातला हसायचा नाही. ज्याचं पोट आधी भरतं तो दुसऱ्याच्या ताटाकडे बघत नाही, एवढं गावाला कळत होतं.

पण खरी गोष्ट शहाणपणाची नव्हती, शब्दाची होती. उदारामच्या कुण्या पूर्वजाने हा तलाव बांधायला घेतला तेव्हा त्याच्याजवळ हिंमत होती, धान नव्हतं. माती टाकायला त्याने जंगलातले गोंड बोलावले. त्यांनी टोपल्या वाहून वाहून पाळ उभी केली, आणि मजुरी द्यायची वेळ आली तेव्हा हा गृहस्थ रिकाम्या हाताने नव्या पाण्यात कमरेइतका उतरला आणि म्हणाला, ही पाळ पाणी धरेल तोवर पहिलं पाणी तुमचं. गोंडांच्या बांध्या शेपटाला. तेव्हापासून पाणकर पाण्यात उभा राहून जे बोलेल ते दगडावरची रेघ. तो उगाच पाण्यात उभा राहून बोलत नसे, आणि बोललाच तर गाव दुसऱ्यांदा विचारत नसे.

पाळीच्या पोटातून पाणी काढणाऱ्या मोरीला आमच्या झाडीपट्टीत तुडूम म्हणतात. तिच्या तोंडात सागाचा खुंट ठोकलेला असायचा. वेळ आली की उदाराम पाण्याला हात लावून कपाळाला लावायचा, बुडी मारून खुंट उपटायचा, आणि मग पाण्याबरोबर पाटाच्या कडेने चालत शेपटापर्यंत जायचा. तिथे गोंडांचा म्होरक्या जंगलू उभा असे. त्याच्या बांधीत पाणी शिरलं की दोघं एक-एक विडी ओढायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

सरकारबद्दल उदारामचं मत ठरलेलं होतं. "सरकार म्हंजे पाहुना," तो म्हणायचा. "ओसरीवर बसावं, पानी प्यावं, सारा घ्यावा न जावं. चुलीपावत कायले येते?" आणि सरकार तर वर्षावर्षाला चुलीकडे सरकत होतं. आधी जंगल राखीव केलं, मग गवतावर पहारा बसवला, मग मोहफूल वेचायलाही परवानगी मागा म्हणाले. पुढाऱ्यांवर त्याचा त्याहून राग. टोप्या बदलतात, थापा त्याच मारतात, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला अपवाद एकच होता, आणि तो अपवाद त्याच्याच घरात वाढला होता.

त्याची धाकटी बहीण जमुनाबाई लवकर विधवा झाली आणि मुलाला घेऊन भावाकडे आली. तीही फार जगली नाही. तिचा मुलगा गोवर्धन उदारामच्या ओसरीवर वाढला. उदारामला स्वतःचं मूल नव्हतं, आणि असतं तरी फरक पडला नसता. आमच्याकडे भाचा म्हणजे घरचा देव. मामा कितीही म्हातारा असो, भाचा दारात आला की मामाने परातीत त्याचे पाय धुवायचे, आपल्या दुपट्ट्याने पुसायचे आणि त्या पायांवर डोकं टेकायचं. शेंबडा गोवर्धन रडत घरात शिरायचा तेव्हाही उदाराम त्याचे पाय धुवायचा. दोन बैल विकून त्याने त्याला नागपूरला शिकायला पाठवलं. भाचा वकील झाला, जंगल सत्याग्रहात राखीव रानातलं गवत कापून तुरुंगात जाऊन आला, आणि सदतीस साली कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिला.

प्रचाराला तो पिंपळबोडीत आला तेव्हा सभा पाळीवरच भरली. अंगात खादी होती, तोंडात मात्र गावचीच बोली होती, आणि म्हाताऱ्यांना तीच गोड लागली. तलावाकडे हात करून तो म्हणाला, "जंगल गेलं, गवत गेलं, उद्या हे तलाव घेतीन. मी कौन्सिलात बसलो त या तुडमाले सरकारचा हात लागू देनार नाई. मामाजीच्या पायाची आन हाय मले."

टाळ्या पडल्या. जंगलू तेवढा हात बांधून बसला होता. त्याने विचारलं, "बोलून त सगरेच राहिले, पानकर. याचा जामीन कोन?"

मग उदाराम उठला. धोतर सावरत पाळ उतरला आणि कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. सुमित्राबाईने बायकांमधून त्याला 'नको' म्हणून हात केला, पण त्याने पाहिलं नाही. "भासा बोलला त्याचा जामीन मी," तो म्हणाला. "याचा शब्द खोटा झाला त माझा खोटा झाला."

त्याने एवढंच चुकीचं केलं, आणि ही चूक आमच्याकडचा मामाच करू शकतो. ज्या माणसाला पुढाऱ्यांच्या सावलीचीही चीड होती, त्याने स्वतःच्या मनाला एकदाही विचारलं नाही की भाचा खोटं बोलू शकतो का. भाच्याच्या शब्दावर शंका घ्यायची म्हणजे देवाची मूर्ती खरी पितळेची आहे का, हे टिचकी मारून बघायचं. उदारामच्या हाताला ती टिचकी माहीतच नव्हती.

जंगलूने मान हलवली. "तुमी म्हन्ता त ठीक हाय. आमी त्याले नाई, तुमाले मत देऊन राहिलो." ज्यांना मताचा हक्क होता त्यांनी मत दिलं, ज्यांना नव्हता ते बैलबंड्या हाकत मतवाल्यांना पोचवायला गेले. गोवर्धन निवडून आला. गावाने पेढे वाटले, आणि उदाराम आयुष्यात पहिल्यांदा चहा प्यायला. कडू आहे म्हणाला, पण प्यायला.

पुढच्या उन्हाळ्यात तलावावर गवंडी आले. मागच्या पावसात तुडमाजवळ पाळ थोडी खचली होती, ती पाटबंधारे खातं दुरुस्त करणार होतं. गावाला बरं वाटलं. भाच्याने काम आणलं म्हणून उदारामने गवंड्यांना ताक पाजलं. त्यांनी चुन्याची भिंत बांधली, सागाचा खुंट काढून टाकला आणि तिथे लोखंडी दार बसवलं. दाराला चाक, चाकाला साखळी, साखळीला कुलूप. पाण्यात एक दगड पुरून त्यावर पांढरी रेघ मारली. मग गोंदियाहून एक अमीन, म्हणजे पाण्याचा हिशेब ठेवणारा खात्याचा कारकून, आला. त्याच्या कमरेला किल्ली होती. खात्याची माणसं ज्या ओसरीवर बसायची त्याच ओसरीवर, उदारामच्या ओसरीवर, बसून त्याने गावाला नवा नियम सांगितला.

"देखो ताऊ, अब नंबर से पानी मिलेगा. दरवाजे के पास वाले को पहले, फिर नीचे वालों को. पानी उस पत्थर की लकीर तक उतर गया, तो दरवाजा बंद. फिर ऊपर से हुकुम आएगा तभी खुलेगा."

"म्हंजे पहिलं पानी मले?" उदारामने विचारलं.

"हाँ, तुम्हारा तो फायदा ही है."

उदारामला त्या फायद्याची शिसारी आली. त्याने रीत सांगितली, शब्द सांगितला. अमीन माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मेरे हाथ में क्या है? गाँव की मंजूरी से हुआ है. तुम्हारे मेंबर साहब ने खुद दी."

"खोटं बोलून राहिला हा," उदाराम गावाला म्हणाला, आणि त्याला ते मनापासून वाटत होतं. खात्याचे लोक भाच्याचं नाव पुढे करून आपली पोळी भाजून घेत आहेत, भाच्याला पत्ताच नाही, असं तो सगळ्यांना सांगत फिरला. सुमित्राबाई एकदा चुलीपुढून म्हणाली, "पत्ता नसन त कायचा मेंबर?" त्यावर तो जेवणावरून उठून गेला.

त्या वर्षी पावसाने सुरुवात जोरात केली आणि हस्तात दगा दिला. लवकर येणारं हलकं धान कसंबसं निभावलं. उशिरा येणारं भारी धान पोटऱ्यात आलं होतं, दाणा भरायला त्याला एक पाणी हवंच होतं. अमीनने दार उघडलं. पहिलं पाणी उदारामच्या बांधीत शिरलं. तो बांधावर उभा राहून स्वतःच्या शेतात येणारं पाणी परक्यासारखं बघत होता. मग शेजाऱ्यांना मिळालं, मधल्यांना मिळालं. मधल्यांनीही, वर्षानुवर्षं जे केलं नव्हतं ते केलं. कुणी विचारणारं नाही म्हटल्यावर बांध्या गच्च भरून घेतल्या. पाट अजून शेपटाला पोचायचा होता आणि दगडावरची रेघ उघडी पडली. अमीनने चाक फिरवलं आणि कुलूप लावलं.

तलावात पाणी होतं. नुसतं नव्हे, चांगलं छातीभर होतं. बदकं पोहत होती. आणि खाली जंगलूच्या बांधीत माती तडकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलू आणि त्याची माणसं सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी, घेऊन पाळीवर आली. अमीन घाबरून उदारामच्या घरात शिरला. उदाराम धावत पाळीवर गेला आणि दारासमोर उभा राहिला.

"हटा, पानकर," जंगलू म्हणाला. "चार ठोशात फुटते हे."

"दार फोडलं त पोलीस येईन. पोरं आत जाईन."

"आमी नाई गेलो का आत? तुमच्या भाशासोबत गवत कापून गेलोच ना."

उदाराम हात जोडून म्हणाला, "मी गोंदियाले जातो. त्याले मालूमच नाई हे. मालूम झालं का तो इथं येऊन सोताच्या हातानं कुलूप काढन. मले उद्यापर्यंत वेळ दे, जंगलू."

जंगलूने सब्बल खाली टेकवली. त्याच्यामागची पोरं कुरकुरली, पण तो ढळला नाही. "तुमच्यासाठी थांबतो," तो म्हणाला. "तुमच्या भाशासाठी नाई."

उदाराम देवलगावच्या स्टेशनवर चालत गेला आणि छोट्या गाडीने गोंदियाला पोचला. गोवर्धनच्या बैठकीत माणसं होती. राइस मिलवाले, एक-दोन वकील, कुणी खात्यातले. तक्क्यांना टेकून चहा चालला होता. उदाराम आत शिरला आणि रीतीप्रमाणे वाकून भाच्याच्या पायांना हात लावू लागला. गोवर्धनने पाय मागे घेतले.

"अहो मामाजी, हे काय. लोक बसलेत."

त्याची बोली बदलली होती. ते उदारामला लागलं, पण त्याने गिळलं. शहरात राहून जीभ बदलते, एवढं त्याने स्वतःला समजावलं. मग त्याने सगळं सांगितलं: कुलूप, रेघ, कोरडं शेपूट, आणि शेवटी अमीन काय खोटं बोलला तेही. "म्हन्ते का मंजुरी तूच देल्ली. मी म्हनलो, माझा भासा असा नाई."

गोवर्धनने हातातला कप खाली ठेवला. "मीच दिली, मामाजी."

उदाराम होता तिथेच खाली बसला.

"पाळ दुरुस्त व्हायची होती. खातं म्हणालं, दार आमचं तर नियम आमचा. आसपासच्या सगळ्या तलावांना हाच नियम लावायचाय, सुरुवात माझ्या गावापासून केली तर बाकीचे ऐकतील. आणि तुम्ही नाही म्हणाल, असं माझ्या मनातही आलं नाही."

"तूच म्हनला होता का सरकारचा हात लागू देनार नाई."

"तेव्हा सरकार परकं होतं. आता आपली माणसं बसलीत तिथे. हात आता आपलाच आहे."

"हात कोनाचाई असो, बाप्पा, गळा त आमचाच हाय ना. गावाले तरी पुसाचं होतं."

गोवर्धन वकील होता. जिभेवर आलेलं उत्तर त्याच्याने आवरलं नाही. "तुम्ही पाण्यात उभे राहून माझा जामीन झालात, तेव्हा गावाला विचारलं होतं का?"

बैठकीत कुणीतरी हसलं. ज्या पोराचे पाय त्याने स्वतःला ताप असला तरी धुतले होते, ते पोर चार परक्या माणसांत त्याचीच चूक त्याच्या तोंडावर मारत होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते खरं होतं. त्याने काठी उचलली.

गोवर्धनलाही आपण जास्त बोललो हे कळलं असावं. तो मामाच्या मागे दारापर्यंत आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "रागावू नका. मी हुकूम आणतो. चार-दोन दिवसांत दार उघडेल. फक्त त्या पोरांना कुलुपाला हात लावू देऊ नका. माझ्याच गावात सरकारी दार फुटलं, तर मी तोंड दाखवू शकणार नाही. माझ्या आईसाठी तरी एवढं करा, मामाजी."

जमुनाबाईचं नाव निघालं आणि म्हातारा विरघळला. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, म्हणतात. मामाचं काळीजही तसंच, ठेचलं तरी भाच्याकडेच वळतं. उदाराम परत आला आणि जंगलूला म्हणाला, "चार-दोन दिवसांत उघडते. भाशानं जमुनाचं नाव घेऊन सांगतलं." मंजुरीचं मात्र त्याने सांगितलं नाही. त्याची जीभ उचलली गेली नाही.

जंगलूने सब्बली घरी नेऊन ठेवायला सांगितल्या.

चार-दोन दिवस गेले. मग आणखी गेले. उदाराम रोज सकाळी पाळीवर जाऊन वाटेकडे बघत बसायचा. हुकूम गोंदियाहून भंडाऱ्याला गेला होता, भंडाऱ्याहून नागपूरला. अमीनही कंटाळून म्हणायचा, "आज आ जाएगा, ताऊ." मग तोही म्हणायचा बंद झाला. खाली शेपटाच्या बांध्यांत लोंब्या निघाल्या त्या ताठ उभ्या राहिल्या. भरलेली लोंबी वाकते. या वाकल्याच नाहीत. उदारामने एक लोंबी तळहातावर चोळून फुंकर मारली, सगळंच उडून गेलं. तळहातावर काही उरलं नाही.

त्याच्या स्वतःच्या बांधीत मात्र धान सोन्यासारखं पिकलं होतं. इतकं चांगलं पीक त्याच्या आयुष्यात आलं नव्हतं. त्या वाटेने जाताना तो तोंड फिरवायचा. शेवटी एक दिवस विळा घेऊन तो जंगलूच्या दारात गेला आणि विळा त्याच्या पुढे ठेवला.

"माझी बांधी तुमी कापा," तो म्हणाला. "सगरी. मले एक पेंढी नोको."

जंगलू दोर वळत बसला होता. त्याने विळ्याकडे पाहिलं, उदारामकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर उदारामला बरं वाटलं असतं. "मंजुरी त्यानंच देल्ली म्हन्ते," जंगलू म्हणाला. "अमीन सांगत होता. तुमाले मालूम होतं, पानकर?"

"गोंदियाले गेलो तवा मालूम झालं."

"न वापस येऊन मले थांबवलं."

"हव."

जंगलूने विळा उचलून त्याच्या हातात परत दिला. "धान नसलं त जंगलात कंदमूल खाऊनई भागते, जी. माझ्या आज्या-पणज्यानं मजुरी सोडली ते धानासाठी नाई सोडली. तुमच्या घरचा शब्द होता म्हून सोडली." आणि तो पुन्हा दोर वळू लागला. उदाराम विळा घेऊन घरी आला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि सुमित्राबाईनेही त्याला जेव म्हटलं नाही.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. पिंपळबोडीची मंडई म्हणजे आसपासच्या पंधरा गावांचा मेळा. लेकी-जावई, पाहुणे-रावळे, जिलेबीच्या कढया, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ करणारी मंडळी. त्याच दिवशी सकाळी निरोप आला की मेंबर साहेब येत आहेत, हुकूम घेऊन येत आहेत, आणि दार स्वतःच्या हाताने उघडणार आहेत. वरातीमागून घोडं आलं, तेही सजून आलं.

गोवर्धन मोटारीतून उतरला. गळ्यात हार पडले. पाळीवर चांदवा बांधला होता, महिना-दीड महिन्यापूर्वी जंगलूची माणसं जिथे सब्बली घेऊन उभी होती नेमकं तिथेच. अमीनने किल्ली ताटात ठेवून पुढे केली. गोवर्धनने कुलूप काढलं, चाक फिरवलं, आणि पाणी उसळत पाटात पडलं. पाहुण्या गावांनी टाळ्या वाजवल्या. "नागपूरला जाऊन भांडलो," गोवर्धन म्हणाला, आणि मंडईला जमलेल्या लोकांपुढे त्याची बोली पुन्हा गावची झाली. "म्या तुमाले शब्द देल्ला होता. आज पुरा केला."

पाणी उतरत उतरत शेपटाला गेलं. तिथे उभं धान गुरांना सोडून दिलं होतं. पाय ओले झाले तशी गुरं दचकून बांधावर चढली. जंगलू आणि त्याचे लोक जंगलाकडच्या आपल्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, खाली बघत होते. मंडईला त्यांच्यातलं कुणी आलं नव्हतं.

आता रीत उरली होती. भाचा गावात आला, मामा समोर आहे, पाय धुतले गेले पाहिजेत. उदाराम येईल की नाही याची गावात कुजबुज होती. तो आला. धुतलेलं धोतर, खांद्यावर नवा दुपट्टा. सुमित्राबाईने पितळेची परात आणून ठेवली. गोवर्धन खुर्चीवर बसला. या वेळी त्याने पाय मागे घेतले नाहीत, उलट बूट काढून स्वतःच पाय पुढे केले. म्हातारा आला, राग गेला, म्हणून त्याला खरंच बरं वाटलं होतं. त्याचे डोळे पाणावले.

उदारामने विहिरीचं पाणी घेतलं नाही. तांब्या घेऊन तो तुडमाशी उतरला, उसळणाऱ्या पाण्यात तांब्या बुडवला आणि परत आला. मग गुडघ्यांवर बसून त्याने भाच्याचे पाय धुतले. घाई न करता, टाचा चोळून, बोटांच्या बेचक्यांत बोटं घालून, लहान पोराचे धुवावेत तसे. दंडारवाल्यांनी ढोलकी थांबवली. धुऊन झाल्यावर त्याने त्या ओल्या पायांवर कपाळ टेकवलं आणि थोडा वेळ तसाच राहिला.

"मामाजी," गोवर्धन म्हणाला, "उठा आता."

उदाराम उठला. आवाज न चढवता, पण पाळीवरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा बोलला.

"हे पानी आता तुझे पाय धुवायच्याच कामाचं राहिलं, भासा. म्हून धुतले."

पाय पुसायला दुपट्टा त्याच्या खांद्यावर होता. तो त्याने काढला नाही. रिकामा तांब्या सुमित्राबाईकडे देऊन तो पाळ उतरला आणि पाटाच्या कडेने, पाण्याबरोबर, शेपटाकडे चालू लागला. गोवर्धन ओले पाय परातीत ठेवून बसून राहिला. कुणीतरी पंचा आणेल म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या स्वतःच्या गावात कुणी आणला नाही, तेव्हा त्याने ओले पाय तसेच बुटांत घातले.